एक अक्षर, दोन उच्चार

मराठी बोलावी तशीच लिहिली जाते, असें आपल्याकडे पहिल्या इयत्तेपासून सभासंमेलनांच्या व्यासपीठापर्यंत मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. इंग्रजी लेखनाच्या गोंधळाकडे बोट दाखविलें कीं ही फुशारकी खरीहि वाटते. परंतु वाचकांनीं 'चमचा' हा घरगुती शब्द एकदां सावकाश उच्चारून पहावा. पहिल्या 'च'च्या वेळीं जीभ टाळूला लागते. दुसऱ्याच्या वेळीं ती पुढें सरकून दांतांच्या मुळाशीं टेकते. आतां अनेकवचन करा. 'चमचे' म्हणतांच तो दुसरा 'च'हि टाळूकडे जातो. लेखनांत मात्र अक्षर एकच, आणि भेद दाखविणारी खूण कोणतीहि नाहीं.

ही लहर नव्हे. 'माझा' म्हणतांना 'झ' दांतांजवळचा, 'माझी' किंवा 'माझे' म्हणतांना टाळूचा. संस्कृत वैयाकरणांनीं इ, य, श आणि सबंध च-वर्ग यांना टाळू हें एकच स्थान दिलें होतें, आणि 'ए'लाहि त्यांत अर्धा वांटा दिला होता; तेव्हां पुढें ई किंवा ए येणार हें कळतांच जीभ आधींच तिकडे वळली, तर त्यांत नवल तें काय? पण शेजारच्या स्वरानें सर्व प्रकरण संपत नाहीं. 'चक्र' आणि 'चाक', 'चंद्र' आणि 'चांदणें', 'चर्म' आणि 'चामडें' ह्या जोड्या पहा. जे शब्द संस्कृतांतून जसेच्या तसे उचलले, त्यांचा 'च' तालव्य. जे लोकांच्या तोंडीं शतकानुशतकें झिजून आले, त्यांचा दंततालव्य. कधीं कधीं तर अर्थच ह्या भेदावर लटकतो. 'जग' म्हणजे विश्व, आणि 'जग' म्हणजे जिवंत रहा. 'जरा' म्हणजे वार्धक्य, आणि 'जरा' म्हणजे थोडें. कागदावर हे शब्द जुळे आहेत. कानाला मात्र त्यांची कधींच गल्लत होत नाहीं.

हें सारें चार वर्षांच्या मुलाला येतें, आणि त्याला तें कोणीं शिकविलेलें नसतें. आईला स्वतःला विचारलें तर तिलाहि नियम सांगतां यावयाचा नाहीं. मुलाचा कान किती लवकर घडतो, ह्याचा एक पुरावा कॅनडांतून मिळालेला आहे. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, इंग्रजी घरांतलीं ६ ते ८ महिन्यांचीं अर्भकें हिंदींतील 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखतात; परंतु वर्ष भरत येतें तों बहुतेकांची ही शक्ति ओसरलेली असते. म्हणजे भाषा शिकणें हें नवे ध्वनि मिळविण्याइतकेंच नको असलेले भेद टाकून देण्याचें काम आहे. बोबडे बोल निघण्यापूर्वींच त्यांतलें पुष्कळसें उरकलेलें असतें.

मग आपल्या वर्णमालेचें काय? कंठापासून ओठांपर्यंत वर्गावर्गांनीं केलेली ती मांडणी उच्चारशास्त्रांतील थोर कृति आहे, ह्याविषयीं प्रस्तुत लेखकास संशय नाहीं. पण तो अंगरखा संस्कृताच्या मापानें शिवलेला आहे. मराठीच्या अंगावर तो कोठें ढिला होतो, कोठें तटतटतो. 'ऋषि' लिहून बहुतेक लोक 'रुशी' म्हणतात. 'घर' ह्या शब्दाच्या अखेरचा 'अ' लिहिण्यांत आहे, बोलण्यांत नाहीं. अनुच्चारित अनुस्वार तर १९६२ च्या लेखननियमांनीं गाळलेहि. जुन्या वळणामुळें ते ह्या लेखांत राहिले आहेत, पण वाचकाच्या कानाला त्यांचा कांहीं उपयोग नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

फुशारकी एवढ्यावर थांबती तर ती सोडून देतां आली असती. परंतु लेखन हेंच बोलण्याचें प्रमाण असें एकदां ठरलें कीं, त्याचा भार मुलांवर पडतो. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गांत हसतात, त्याचें बोलणें अशुद्ध ठरवितात. वस्तुतः त्याच्या घरच्या बोलींत न आणि ण यांची वांटणी वेगळी आहे, इतकेंच. आणि तीहि नियमाप्रमाणें चालते. त्याच मुलाला 'चमचा' आणि 'चमचे' म्हणावयास सांगा. त्याची जीभ रेसभरहि चुकणार नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचेंहि तेंच. शब्दाच्या शेवटच्या 'ई'ची लांबी बोलण्यांत ऐकूं येत नसतां, तुला ती ऐकूं कशी येत नाहीं म्हणून मुलाचे गुण कापावयाचे! तो नियम पाठ करावयाचा संकेत आहे, हें सांगितलें असतें तर मुलानें तो निमूटपणें पाठ केला असता.

दंततालव्य ही संज्ञा आपल्या व्याकरणांत आहे. तिला तेथील एका परिच्छेदांत कोंडून ठेवलें आहे, एवढीच तक्रार. 'च'खालीं नुकता देऊन भेद दाखवावा, अशी सूचना कोणी करतात. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला त्या टिंबाची गरज नाहीं, आणि छापखान्याला तो विनाकारण ताप होईल. परंतु हिंदी किंवा गुजराती घरांतून मराठी शिकावयास आलेल्या माणसाला 'चाक' आणि 'चक्र' यांतला फरक पुस्तकावरून कळण्याचा दुसरा मार्ग काय? निदान त्याच्या हातीं पडणाऱ्या कोशांत आणि वाचनपाठांत तरी हें टिंब अवश्य असावें.