झाकली मूठ आणि जेनोआचा पूल

कादंबरीची किंवा चित्राची करतो तशी समीक्षा आज आपण एका पुलाची करू. इटलीतल्या जेनोआ शहरात, पोल्चेव्हेरा नदीवर, अभियंता रिकार्दो मोरांदी यांनी उभारलेला महामार्गाचा पूल १९६७ साली खुला झाला. वरून ट्रक धावायचे. खाली नदी, रेल्वेचे रूळ आणि माणसं राहत होती त्या इमारती. १४ ऑगस्ट २०१८ रोजी, भर पावसात, त्याचा एक मनोरा रस्त्यासकट कोसळला. ४३ माणसं गेली.

तत्त्वज्ञानात पुलाचा विषय निघाला की हायडेगरचं १९५१चं व्याख्यान आठवतं. त्याच्या मते पूल दोन काठ नुसते जोडत नाही, पुलामुळेच ते एकमेकांचे काठ होतात. विचार सुंदर आहे. पण त्यात आम्हाला एक माणूस सापडत नाही: पुलाखाली जाऊन गंज तपासणारा. हायडेगरचा पूल एकदा उभा राहिला की उभाच.

मोरांदींच्या पुलातही तीच उणीव आहे असं आम्हाला वाटतं. रस्ता तोलणारे तिरके आधार मनोऱ्यागणिक फक्त चार. रेषा मोजक्या, म्हणून डौलदार. पण एक तुटला तर भार दुसऱ्याने पेलावा अशी सोय नाही. आतल्या पोलादी केबलींवर काँक्रीटचं आवरण. हेतू गंज टाळण्याचा, परिणाम असा की गंज दिसेना. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुलाच्या बाबतीत ही म्हण जीवघेणी ठरते.

कुणी म्हणेल, हा दोष देखभालीचा, रूपाचा नव्हे. अर्धं खरं आहे. १९७९ सालीच खुद्द मोरांदींनी गंजाबद्दल लिहिलं होतं. १९९०च्या दशकात एका मनोऱ्याच्या आधारांना बाहेरून नव्या केबली जोडल्या गेल्या. जो पुढे पडला, त्याच्या नाहीत. म्हणजे अज्ञान नव्हतं, चालढकल होती. पण चालढकल सोपी कशामुळे झाली? जे डोळ्यांना दिसत नाही, ते पुढच्या वर्षावर ढकलता येतं. इथे रूपाचा प्रश्न नीतीचा होतो.

त्याच जागी रेन्झो पियानो यांच्या कल्पनेतला नवा पूल २०२० साली खुला झाला. दिसायला साधा, खांब पुष्कळ, तपासणीसाठी यंत्रमानव. काहींना तो नीरस वाटतो. आम्हाला त्याच्या साधेपणात वाकून बघणाऱ्यासाठी ठेवलेली जागा दिसते, आणि पुलाच्या सौंदर्यात तिचीही गणना व्हावी असं आमचं मत आहे. पटत नसेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर भांडा.