मार्गदर्शिकेचा वर्तमानकाळ

प्रवासाची मार्गदर्शिका साहित्यात मोडते काय, असे विचारले तर आपले समीक्षक बहुधा हसतील. अंतरे, वेळा आणि उतरायच्या जागा यांची ती जंत्री. तिला कसली आली शैली? माझे मत निराळे आहे, आणि ते हंपीने घडविले आहे.

आमच्या शाळेची सहल हुबळी, गदग, कोप्पळ या मार्गाने हंपीला जाते. पिशवीत तीस वर्षांपूर्वी घेतलेली एक मार्गदर्शिका असते आणि खिशात मोबाईल. पुस्तकात जिल्हा बेल्लारी, गाव होस्पेट. गावाचे नाव २०१४ साली होसपेटे झाले. २०२१ साली विजयनगर हा वेगळा जिल्हा झाला. हे किरकोळ. एका सहलीत विरूपाक्षासमोरच्या रस्त्यावर मी मोठ्याने वाचत होतो की, येथील प्राचीन मंडपांत आज कुटुंबे राहतात, दुकाने चालवितात. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, दुकानं कुठं आहेत?"

दुकाने नव्हती. २०११ च्या जुलैत ती वस्ती पाडून माणसांना उठविण्यात आले. मोबाईल उघडला, तर त्यावर मोकळ्या मंडपांची सुंदर छायाचित्रे! पुस्तकाला माणसे गेल्याचे ठाऊक नव्हते आणि मोबाईलला ती होती याचे. दोन्ही वर्तमानकाळातच बोलत होते.

मार्गदर्शिका जुनी होते हा तिचा दोष मी मानीत नाही. 'आहे' म्हणताना ती 'अमुक साली मी पाहिले' असे सांगत नाही, हा तिचा दोष. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहिलेला पोर्तुगीज दोमिंगो पाइश आपण काय पाहिले ते सांगतो. १९०० साली रॉबर्ट स्यूएलने त्याचा वृत्तांत इंग्रजीत छापला आणि तो आजही वाचनीय आहे. पाहणारा आणि काळ मजकुरात असले म्हणजे माहिती शिळी झाली तरी साक्ष उरते.

मग मोबाईल टाकून द्यावा काय? मुळीच नाही. दार किती वाजता उघडते, रस्ता चालू आहे काय, हे निघण्याच्या आदल्या रात्री त्यालाच विचारावे. विठ्ठल मंदिरापासून वाहन आता दूरच थांबवून बॅटरीच्या गाडीने वा पायी जावे लागते, हे माझ्या पुस्तकात कोठून असणार? पण तेथे पोहोचल्यावर आधी काय पाहावे, कशापाशी रेंगाळावे, हा क्रम पुस्तकच लावते. पंढरीचा विठ्ठल येथून भानुदासांनी परत नेला ही परंपरागत कथा मुलांना मी पुस्तकातूनच वाचून दाखविली, तेव्हा त्या देवळातली शांतता त्यांना कळली. पर्यटकांनी दिलेल्या ताऱ्यांच्या बेरजेतून ती कळली नसती.

त्या दिवशी मी पुस्तक त्या मुलीच्या हाती दिले. तिने बाजाराच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिले : 'ही माणसे २०११ साली उठवली.' खाली आपले पाहण्याचे वर्ष घातले. मूळ ओळ मी तिला खोडू दिली नाही.