सॅमची पानं

‘टी-पेशींना रीप्रोग्राम केलं’ असं वाचलं, की माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला सगळं कळल्यासारखं वाटतं. सिद्धार्थ मुखर्जींच्या ‘द साँग ऑफ द सेल’ने (२०२२) माझा हा भ्रम प्रस्तावनेतच मोडला.

तिथे दोन रुग्ण आहेत. एमिली व्हाइटहेड गाजलेली आहे: फिलाडेल्फिया, २०१२, सहा वर्षांची मुलगी, रक्ताचा कर्करोग. तिच्याच टी-पेशी काढून, कर्करोग ओळखणारं जनुक त्यांत घालून, त्या परत शरीरात सोडल्या. ती बरी झाली. पण मुखर्जी तिच्याशेजारी आपल्या मित्राला, सॅमला, ठेवतात. त्याच्या पेशी बदलल्या नव्हत्या, औषधांनी फक्त चेतवल्या होत्या. त्यांनी मेलॅनोमावर हल्ला केला, तसाच यकृतावरही. त्यांना आवरलं की कर्करोग वाढायचा. सॅम गेला.

पुस्तकाचा खरेपणा या जोडीत आहे. एमिलीही टी-पेशींनी उठवलेल्या वादळात व्हेंटिलेटरवर गेली होती. त्यातून वाचवलं संधिवाताच्या एका औषधाने. ते डॉ. कार्ल जून यांना माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीला संधिवात होता.

म्हणूनच उपशीर्षकातला ‘न्यू ह्यूमन’ मला खटकतो. सॅमबद्दल इतकं प्रामाणिक लिहिणाऱ्या पुस्तकाला ही जाहिरात शोभत नाही.

माझा कोड बिघडला, तर मी जुनी आवृत्ती परत लावतो. शरीरात वाढत जाणाऱ्या पेशींच्या बाबतीत ते इतकं सोपं नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार१९ला २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली. आता ‘चमत्कार’ म्हणून मेसेज फॉरवर्ड करण्याआधी सॅमची पानं वाचा.