वर्षास एक पुस्तक : ‘निवेदन’मधील एका अटीचा विचार

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्राचे मूल्यमापन बहुधा त्यागाच्या अंगाने होते. गोव्यातील साखवाळचा एक तरुण पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा प्रवास करीत पालीचा आचार्य होतो; ही कथाच इतकी उत्कट आहे की वाचक तीत गुंतून राहतो. त्यामुळे या ग्रंथातील एका व्यावहारिक तपशिलाकडे पुरेसे लक्ष जात नाही. पीएच.डी. संपवून लेखनास नुकताच आरंभ करणाऱ्या अभ्यासकास मात्र तोच तपशील सर्वाधिक उपयोगाचा आहे, असे आम्हांस वाटते.

१९०८ च्या सुमारास धर्मानंदांनी कलकत्त्यातील अधिक वेतनाचे काम सोडले आणि सयाजीराव गायकवाड यांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य तीन वर्षांसाठी स्वीकारले. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे व बडोदे सरकारसाठी वर्षास एखादे पुस्तक लिहावे, एवढीच अट होती. रक्कम अल्प, परंतु निश्चित, मुदत ठरलेली, आणि वाचक कोण, हेही ठाऊक. बडोद्यातील व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) सिद्ध झाला. पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४) आला. पाली न जाणणाऱ्या मराठी वाचकास हे ग्रंथ आजही उपयोगी पडतात.

याच्या शेजारी ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचा इतिहास ठेवून पाहावा. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या १८९९ मधील निधनाने अपुरे राहिलेले हे काम पुरे करण्यासाठी धर्मानंद १९१० मध्ये प्रथम हार्वर्डला गेले. पुढे श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. १९३२ पर्यंत त्यांना एकूण चार वेळा अमेरिकेस जावे लागले, आणि हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. त्यांची स्वतंत्र देवनागरी आवृत्ती तेवढी १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हा विलंब आळसाचा नव्हता. मोठ्या संपादनाची गती संपादकाच्या हाती नसते. धर्मानंद या विलंबाने खचले नाहीत, याचे एक कारण असे की, त्यांच्यापाशी मुदतीत पुरे होणारे दुसरे लेखन सतत होते.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. १८९९ च्या अखेरीस धर्मानंद ज्ञानाच्या शोधात निघाले, तेव्हा पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या मागे राहिल्या होत्या. त्यांच्या ग्रंथसंपदेचे मोल पुष्कळ अंशी त्या कुटुंबाने दिले. ‘निवेदना’चा गौरव करताना ही बाजू वगळणे न्याय्य नाही. आजच्या अभ्यासकाने त्यांचा गृहत्याग आदर्श मानू नये. घ्यावयाची आहे ती बडोद्याची अट.

आजची व्यवस्था अशी अट घालीत नाही. ती मोजमाप करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणांकाची पद्धत आणली. प्रबंधापूर्वी शोधनिबंध सक्तीचा केला आणि २०२२ मध्ये ती सक्ती काढून टाकली. नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. दरवेळी नव्या नियमामागे धावणाऱ्या तरुणाच्या हाती काय उरते? शुल्क भरून छापलेले, कोणीही न वाचलेले निबंध. नियम पालटला की त्यांचे मोलही संपते.

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे राहून पालीचा अभ्यास करू पाहणाऱ्याचे उदाहरण घेऊ. संशोधनग्रंथालय दूर, नोकरी तासिका तत्त्वावरची, घरचे पाश जवळ. तथापि सामग्री त्याच्या दाराशी आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे हे क्षेत्र श्रमणपरंपरेचे. जिल्ह्याचे ठाणे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट काही संस्कृतात, काही प्राकृतात आहे. आणि याच शाखेच्या हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास अर्पिले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासामुळे संपूर्ण तिपिटक देवनागरीत उपलब्ध आहे. अशा अभ्यासकाने प्रबंधाचा ग्रंथ करण्याचे दीर्घ काम सोडू नये. मात्र त्यासोबत वर्षास एक लहान, मुदतबद्ध मराठी लेखन अंगावर घ्यावे : एखाद्या सुत्ताचे सटीप भाषांतर, किंवा त्या ताम्रपटातील प्राकृताची पालीशी तुलना. वाचकही आधी ठरवावा, मग तो विहारातील वाचनवर्ग असो वा तालुक्याचे महाविद्यालय.

विनयपिटकातील सोण कोळिविसाची कथा आमच्या वाचकांस परिचित आहे. चंक्रमण करताना ज्याचे पाय रक्ताळले, त्या सोणास भगवंतांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त देऊन समवीर्याचा उपदेश केला. गुणांकासाठी वर्षभर धावणे आणि मग वर्षानुवर्षे लेखणी न उचलणे, ही दोन्ही टोके त्या उपदेशाच्या विरुद्ध आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने पाली, प्राकृत व मराठी या भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आनंद व्यक्त करणारे ठराव पुष्कळ झाले. आमच्या संस्थांनी आता एका तरी तरुण अभ्यासकास अल्प पण नियमित मानधन द्यावे आणि बडोद्याचीच अट घालावी : राहावे कोठेही, वर्षास एक पुस्तक द्यावे.