रात्रभराचं पार्श्वसंगीत

दिवाळी सरली, हलका धान घरात आला की वडशात नाटकांची पोस्टरं झळकू लागतात. वर नायक-नायिका, विनोदी नट, लावणी सादर करणारी नर्तकी आणि मुंबई-पुण्याहून आणलेला मालिकेतला एखादा चेहरा. मधे लेखक-दिग्दर्शक. आणि बहुधा अगदी खाली, वाचायला वाकावं लागेल अशा अक्षरांत, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या या नाटकात ज्यांच्या हातांना सर्वांत कमी उसंत मिळते, त्यांची नावं या ओळीत असतात.

वडसा, म्हणजे देसाईगंज, गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचं गाव. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, पण या जिल्ह्याला रेल्वे भेटली ती इथेच. वैनगंगा ओलांडली की पलीकडे ब्रह्मपुरी. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या चारही जिल्ह्यांतल्या मंडळांना नाटक ठरवायला इथे येणं सोयीचं, म्हणून नाट्य कंपन्यांनी आपली कार्यालयं इथे थाटली. गावात मंडईची जत्रा असो की शंकरपटाच्या बैलशर्यती, पाहुणे येणार म्हणजे रात्री नाटक हवंच. या व्यवसायाला लोकांनी लाडानं ‘झॉलीवूड’ म्हटलं आणि त्याच नावाचा तृषांत इंगळे यांचा चित्रपट 2022 साली आला.

झाडीपट्टीवर आजवर लिहिलं गेलं ते मुख्यतः नटांबद्दल, उलाढालीबद्दल आणि थंडीत रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकांबद्दल. 2023 साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सन्मानाचा उजेड या रंगभूमीवर पडला, आणि तो योग्यच होता. संगीताच्या वाट्याला मात्र लेखाच्या शेवटचं एक वाक्य येतं: ऑर्गनवर साथ अमुक यांची. ‘साथ’ हा शब्दच इथे अपुरा आहे. वडशातल्या कंपनीचा ऑर्गनवादक करतो ते काम चित्रपटातल्या पार्श्वसंगीतकाराचं आहे. फरक इतकाच की त्याच्यासमोर थांबवता येणारं चित्र नसतं, आणि चुकलं तर दुसरा टेक नसतो.

हे काम जवळून पाहावं. रात्रीचे अडीच वाजलेत. घर सोडून निघालेला मुलगा आणि उंबऱ्यात उभी आई असा प्रवेश. वादकाचा डावा हात षड्ज-पंचम धरून आहे, इतका हळू की तो वाजतोय हे ध्यानातही येऊ नये. नट वाक्य उच्चारायच्या आधी प्रॉम्प्टरचा आवाज वादकाच्या कानावर पडतो, म्हणजे पुढे काय येणार हे त्याला प्रेक्षकांच्या क्षणभर आधी कळतं. त्या क्षणभरात त्याला ठरवायचं असतं: कोमल धैवताला स्पर्श करायचा, की हात उचलून घ्यायचा? आईनं नेहमीपेक्षा लांब श्वास घेतला तर त्यालाही थांबावं लागतं. मुलगा वळला, पायरी उतरला, की तबलजी बाया दाबून एकच घुमारा सोडतो. पाच-सात मिनिटांच्या प्रवेशात असे वीसेक निर्णय, आणि रात्रभरात असे कितीतरी प्रवेश. तालमी थोड्या, संहिता हातात येते ती उशिरा, नटसंच मोसमात बदलतो. अशा स्थितीत हे निर्णय आधी लिहून ठेवता येत नाहीत. ते बोटांनाच घ्यावे लागतात.

मराठी चित्रपटसंगीत जन्माला आलं तेच मुळी वादकांच्या अशा बैठकीतून. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ मुका होता, आणि मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसलेले पेटी-तबलेवाले चित्राकडे बघत वाजवत. बोलपट आला तेव्हा ‘अयोध्येचा राजा’ (1932) या चित्रपटाला संगीत कुणाचं? गोविंदराव टेंबे यांचं. नामवंत पेटीवादक, ‘मानापमान’ (1911) या नाटकाच्या पदांना चाली देणारे आणि त्या चित्रपटात खुद्द हरिश्चंद्र झालेले. नाटकाच्या पेटीपासून स्टुडिओपर्यंत पोचायला त्या पिढीला एक पाऊल पुरलं.

विदर्भाच्या वाट्याला या इतिहासात मोठी नावं आली आहेत. केशवराव भोळे अमरावतीत जन्मले. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात पदांचा महापूर ओसरून मोजकी गाणी राहिली, त्यांचं संगीत केशवरावांचं. पुढे प्रभातमध्ये ‘संत तुकाराम’ (1936) आणि ‘कुंकू’ (1937). ‘कुंकू’ची गोष्ट वडशातल्या प्रत्येक वादकाला सांगावी अशी आहे. त्यात प्रसंगांखाली वाद्यं वाजत नाहीत. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यातलं, पात्रांच्या आजूबाजूचं. भिंतीवरचं घड्याळ तिथे एखाद्या पात्राइतकं बोलतं. कुठे वाजवायचं नाही हे ठरवणं हाही संगीताचाच भाग आहे, हे व्ही. शांतारामांनी आणि केशवरावांनी इतक्या लवकर दाखवून दिलं.

दुसरं नाव नागपूरचं. विजय पाटील. वडील आणि काकांकडे सुरुवात, मग मुंबईत ऑर्केस्ट्रा. दादा कोंडके यांनी त्यांना हेरलं आणि 1975 च्या ‘पांडू हवालदार’पासून सुरेंद्र आणि विजय ही जोडी ‘राम-लक्ष्मण’ झाली. 1976 साली सुरेंद्र गेले. विजय पाटलांनी नाव मोडलं नाही. जोडीदार नसताना जोडीच्याच नावानं आयुष्यभर काम केलं. ‘एजंट विनोद’ (1977) पासून राजश्रीशी नातं जुळलं आणि ‘मैंने प्यार किया’ (1989), ‘हम आपके हैं कौन’ (1994), ‘हम साथ साथ हैं’ (1999) या चित्रपटांनी ‘राम-लक्ष्मण’ हे नाव देशभर पोचलं. 22 मे 2021 रोजी नागपुरातच त्यांचं निधन झालं. ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट या दृष्टीनं पुन्हा पाहण्यासारखा आहे. लग्न, डोहाळे, पाहुणचार, मग अचानक मृत्यू, आणि या सगळ्याला गाण्यांनी बांधून ठेवणं. झाडीपट्टीचं कौटुंबिक नाटक ज्यानं पाहिलंय त्याला ही बांधणी अनोळखी वाटणार नाही.

आता आजची स्थिती. ती गाण्यांच्या बाबतीत चांगली नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं.

जुनी संगीत नाटकं इथे होत, तेव्हा नांदीपासून भैरवीपर्यंत पदं असत. पुढे स्थानिक लेखकांची सामाजिक आणि कौटुंबिक नाटकं आली, त्यांत प्रसंगाला धरून गाणी लिहिली गेली. आता बऱ्याच नाटकांत गाणं म्हणजे गाजलेल्या चित्रपटगीताची चाल, तिच्यावर नवे शब्द, किंवा थेट ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच. उसनी चाल हा आपल्या परंपरेत गुन्हा नाही. किर्लोस्कर-देवलांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाणं छापलेलं असे, आणि राम-लक्ष्मण यांच्याही काही चालींचं मूळ परदेशी गाण्यांत सापडतं. पण किर्लोस्करांच्या मंडळींनी लावणीची, साकीची, कानडी पदाची चाल घेतली तेव्हा गाणाऱ्या नटानं ती आपल्या गळ्यातून फिरवून वेगळी केली. आज नाटकात येते ती चाल सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जशी आहे तशीच येते. प्रेक्षक ओळखतो, शिट्टी मारतो, आणि नाटकातलं पात्र तेवढा वेळ बाजूला पडतं. नुकसान आहे ते इथे.

दुसरी गोष्ट वाद्यांची. पायपेटीच्या, म्हणजे जुन्या ऑर्गनच्या काळात गायिका काळी चारमध्ये गायली काय किंवा नट ऐनवेळी पट्टी चढवून बसला काय, वादकाला त्या पट्टीत वाजवता यावंच लागे. कीबोर्डवर एक बटण दाबलं की पट्टी बदलते. सोय झाली, आणि ती नाकारण्याचं कारण नाही. रात्रभर भाता भरणारे पाय ज्यांनी पाहिलेत ते तरी ती नाकारणार नाहीत. पण त्याच बटणांच्या रांगेत तयार ठेकेही असतात, आणि थकलेला हात तिकडे जातो. ऑक्टोपॅडच्या आठ पट्ट्यांमध्ये मेघगर्जना, काच फुटणं, तलवार, बंदूक सगळं भरून ठेवता येतं. त्यामुळे खलनायकाच्या प्रत्येक वाक्यावर गर्जना होते आणि तिसऱ्या गर्जनेला कुणी दचकत नाही.

ही सवय दूरचित्रवाणीनं लावली. एकाच वाक्यावर तीन चेहरे, आणि तिन्ही चेहऱ्यांवर तोच आघात, हे रोज संध्याकाळी पाहणारा प्रेक्षक नाटकातही तेच मागणार. पण त्याच दूरचित्रवाणीवर 1999 साली ‘आभाळमाया’ सुरू झाली तेव्हा अशोक पत्की यांच्या शीर्षकगीतानं स्वयंपाकघरातल्या बायका बाहेरच्या खोलीत आल्या. पुढे ‘वादळवाट’चंही तेच झालं. मोजक्या क्षणांत मालिकेचा सगळा स्वभाव कानात उतरवणं ही जाहिरातींच्या जिंगल्स करत घोटलेली कला होती. याच पत्कींना कोकणी ‘अंतर्नाद’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झाडीपट्टीतल्या एखाद्या नाटकाला आपली अशी एक चाल असावी, जी नांदीनंतर ऐकू यावी, दुसऱ्या अंकात वेदनेनं परत यावी आणि पहाटे शेवटी मोडून यावी. प्रतिभा नाही म्हणून हे घडत नाही असं नाही. नाटक बसवायच्या दिवसांत संगीतासाठी वेगळा दिवस ठेवलाच जात नाही, म्हणून घडत नाही.

आणि कच्चा माल तर दारात पडला आहे. दंडार, खडीगंमत, डाहाका हे इथले लोककलाप्रकार, आणि रोवणीच्या वेळी चिखलात वाकून म्हटली जाणारी गाणी. यांतली लय चित्रपटाच्या ठेक्यांपेक्षा वेगळी आहे. दंडारीत ढोलकी आणि पावलं एकमेकांना प्रश्न विचारत जातात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य दिलं, तिच्यातलं लोकवाङ्मय जमवलं, दंडारीचा अभ्यास केला. शब्दांसाठी जे झालं ते स्वरांसाठी अजून व्हायचं आहे. दंडारीची एखादी चाल कीबोर्डवरच्या बोटांत आली, तर तिच्यावर लिहिलेलं गाणं दुसऱ्या कुठल्या मुलखाचं वाटणारच नाही.

या सगळ्याआड पोटाचा प्रश्न आहे. मोसम चार-पाच महिन्यांचा. उरलेलं वर्ष भजनी मंडळं, लग्नाची वरात, शिकवण्या, शेती. 2020 च्या कोरोनात पडदा उघडलाच नाही तेव्हा नटांची तरी बातमी झाली. वादकाची प्रयोगामागे ठरलेली रक्कम नटापेक्षा कमी असते आणि चाल त्यानं नवी बांधली तरी तिचे वेगळे पैसे नसतात. चित्रपटात कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा मानधनापलीकडचा हक्क कायद्यात आला. इथे चालीवर हक्क सांगायला आधी ती कुठेतरी नोंदलेली तरी असावी लागते.

ती नोंद होणं अवघड नाही. रंगमंचावर टांगलेले माइक आणि वादकांसमोरचे माइक ध्वनिवाल्याच्या एकाच मिक्सरला जोडलेले असतात. त्यातून एक तार काढून रेकॉर्डरला जोडली की नांदीपासून पहाटेपर्यंतची सगळी रात्र एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर उतरते. कंपनीनं दर नाटकाचा एक प्रयोग असा ठेवावा, त्यावर नाटकाचं, गावाचं नाव आणि तारीख घालावी, आणि खाली तीन नावं लिहावीत: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. या मोसमातला पहिला नारळ फुटेल तेव्हापासून हे सुरू करता येईल.