पडदा उतरवा, वाट बांधा

कळवण तालुक्यातल्या शाळांच्या सहली शिर्डीला जात, समाधीचे दर्शन घेऊन परत येत. आता अनेक सहलींच्या पत्रकात तिथले ‘साईतीर्थ’ हे थीम पार्कही असते. त्यातला ‘लंका दहन’ हा पडद्यावरचा खेळ पाहून आलेली मुले सांगतात : खुर्ची हलली, अंगावर पाणी उडाले. लंका कशी होती, हे कोणी सांगत नाही. मारुतीने जाळलेली सोन्याची नगरी मुलांना दिसलीच नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?

मुंबईच्या एस्सेलवर्ल्ड उद्यानाने 1989 साली गोराईला पाळण्यांची यंत्रे आणली. ती यंत्रेच राहिली. जत्रेतला पाळणा मोठा झाला, इतकेच.

थीम पार्कची खरी कला 1955च्या डिस्नेलँडमध्ये दिसली. भोवती मातीचा बांध घातला, म्हणजे बाहेरचे शहर दिसू नये. रस्त्याच्या टोकाला किल्ला उभा केला, म्हणजे पावले आपोआप तिकडे वळावीत. पाळण्यात बसण्याआधीच माणूस गोष्टीत शिरलेला असे. आपल्याकडे हे गांभीर्याने घेतले ते 2013 साली खोपोलीच्या इमॅजिकाने. तिथला राजासॉरस मला आजही आवडतो. ज्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडले, तो आपल्याच मातीतला प्राणी नायक केला आणि त्याच्या भेटीला होडीतून नेले. पण त्याच उद्यानात हलत्या खुर्च्या आणि समोर पडदा हाही मार्ग होता, आणि पुढे सगळीकडे तोच फोफावला. पुण्यातल्या आंबेगावच्या शिवसृष्टीत बाहेर भव्य सरकारवाडा. आत मात्र पुष्कळ भिस्त प्रक्षेपणावरच.

माझ्या मते महाराष्ट्रातली सर्वांत उत्तम रचना कोल्हापूरजवळ कणेरी मठावर आहे, सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात. तिथे काही हलत नाही. मोकळ्या शिवारात सिमेंटची माणसे आहेत : नांगर धरलेला, मोट हाकणारा, भात्यापुढचा लोहार, चाकावरचा कुंभार, बारा बलुतेदार आपापल्या कामात. आपण पायी फिरतो, थांबतो, मागे वळून पुन्हा पाहतो. अक्षरओळख नसलेली आजी तिथे नातवंडांची वाटाड्या होते, कारण मोटेच्या नाड्याचे काम फक्त तिला ठाऊक असते. एवढे काम कोणत्याही पडद्याने केलेले नाही. असेच नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग उद्यानाचे परीकथावन, 1952चे. चित्रकार अँटोन पीक याने तिथे घरे चितारली आणि ती खऱ्या विटा-लाकडांत बांधायला लावली. लोक आजही त्या झाडीत फिरतात.

पडदेवाले म्हणतात, चित्रपट बदलला की नवा खेळ तयार. मूर्तीची डागडुजी कोण करणार? मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. नव्या चित्रतंत्रापुढे पडद्यावरची करामत पाच-सात वर्षांत जुनी दिसू लागते, म्हणूनच चित्रपट बदलावा लागतो. डिस्नेलँडची 1967ची समुद्री चाच्यांची सफर अजून चालते, कारण तिथे होडी, पाणी आणि पुतळे आहेत. डागडुजी लागते हे तर चांगलेच. त्यावर सुतार, रंगारी, मूर्तिकार जगतो. पडद्यावरच्या चित्राचा पैसा दूरच्या स्टुडिओत जातो.

आणि अशी रचना शिकायला परदेशी सल्लागार कशाला हवा? सुरगाणा-पेठकडचा बोहाडा हा सोंगांचा उत्सव पाहा. रात्री, उजेड-अंधारात, संबळाच्या तालावर मुखवटा घातलेले सोंग नाचत थेट अंगावर येते. पोर घाबरून बापाच्या मागे दडते आणि पुन्हा डोकावते. पायी निघालो तर सप्तशृंगीचा कडा नांदुरीच्या घाटात वळणावर दडतो, पुढच्या वळणावर आधीपेक्षा मोठा होऊन समोर येतो. प्रेक्षकाला कुठे अडवायचे, केव्हा दाखवायचे, हे सगळे ज्ञान आपल्या शिवारात आहे. ते वापरायचे सोडून आपण मुलांना अंधाऱ्या खोलीत पट्टा बांधून बसवतो. ही रचना नव्हे, रचनेची जबाबदारी टाळणे आहे.

2027च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक परिसरात कोणी नवे उद्यान बांधणार असेल, तर पहिला पैसा चालण्याच्या वाटेवर घालावा, दुसरा मुखवटे घडवणाऱ्या हातांवर. प्रोजेक्टर विकत घेऊच नये. आणि कळवणच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती : यंदाची सहल कणेरीला न्या. अंतर फार आहे, कोल्हापूरला मुक्काम करावा लागेल. पण सोबत दोन-चार आज्यांनाही घ्या.