टायर वितळत नाही!

‘जुने टायर वितळवून डांबरात मिसळतात’ हे वाक्य रस्त्यांवरच्या लेखांत आम्हांला वारंवार भेटते. वाक्य सोपे आहे, पण चूक आहे. टायरच्या रबराचे रेणू गंधकाने एकमेकांना जखडलेले असतात (व्हल्कनीकरण आपण वर्गात शिकवतोच की!), त्यामुळे ते वितळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील फिनिक्स शहरात चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी रबराचा चुरा तापलेल्या डांबरात घोटला. कण डांबरातली हलकी तेले शोषून भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले. उरलेले डांबर दाट झाले. असे डांबर उन्हात सहसा पाघळत नाही, थंडीत चटकन तडकत नाही. मात्र फुगलेले कण तळाशी बसतात. रबर ‘वितळते’ असे शिकवल्यावर, टाकी सतत का ढवळावी लागते, हे विद्यार्थ्यांना कसे सांगणार?